अलार्म आला नाही, म्हणजे?

न्यूयॉर्कमध्ये थॉमस स्ट्रीटवर ३३ नंबरची एक उंच, करडी इमारत आहे. तिला खिडक्या नाहीत. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९७४ साली ती माणसांसाठी नव्हे, लांब पल्ल्याचे कॉल जोडणाऱ्या यंत्रांसाठी उभी केली. १७ सप्टेंबर १९९१ला शहरात उकाडा होता, विजेची मागणी चढली होती. अशा दिवशी स्वतःच्या जनरेटरवर जायचं, असा कंपनीचा वीजपुरवठादाराशी करार होता. सकाळी दहाच्या सुमारास इमारत जनरेटरवर न्यायला घेतली आणि मधेच काहीतरी फिसकटलं. एसीचा डीसी करणारे रेक्टिफायर बंद पडले. टेलिफोनची यंत्रं डीसीवर चालतात, त्यामुळे सगळा भार आपोआप बॅटऱ्यांवर गेला. बॅटऱ्यांनी आपलं काम चोख केलं. इतकं चोख, की सहा तास कुणाला काही कळलंच नाही.

दुपारी साडेचारच्या आसपास कुणाच्या तरी लक्षात आलं, तोवर बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. थोड्याच वेळात यंत्रं बंद पडली. पन्नास लाखांच्या घरात कॉल अडले. विमानवाहतूक नियंत्रणाच्या बहुतेक लाइनी याच इमारतीतून जात होत्या, त्यामुळे न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांचा कारभार कोलमडला. हजाराहून जास्त विमानं रखडली किंवा रद्द झाली.

अलार्म नव्हते असं नाही. काही मजल्यांवर ते इमानेइतबारे सुरू होते, पण तिथे त्या वेळी माणूस नव्हता. जिथे माणूस असायचा, तिथला अलार्मच बिघडलेला होता. जनरेटरवर गेल्यावर एकदा फेरी मारून सगळं तपासायचं, हा नियम त्या दिवशी पाळला गेला नाही, आणि विषय जाणणारी मंडळी नेमकी प्रशिक्षणवर्गाला गेली होती.

या प्रकरणातून निघणारा पहिला धडा सोपा आहे, आणि जगभरच्या टेलिफोन कंपन्यांनी तो गिरवलाही. अलार्म जिथे बिघाड झाला तिथे वाजवून उपयोग नाही. तो दूरच्या एका खोलीत पोचला पाहिजे, जिथे चोवीस तास कुणीतरी बसलेलं असेल. आज त्या खोलीला नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर म्हणतात, बोलताना नुसतं ‘नॉक’. पुणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात अशी बरीच नॉक आहेत. काही इथल्या टॉवरांवर नजर ठेवतात, काही रात्रभर जागून अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नेटवर्कवर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरच्या व्हिडिओ कॉलवर मागे निळे पडदे दिसणारी जी मुलं असतात, ती बहुधा इथलीच.

दुसरा धडा मात्र तितका सोपा नाही. हा लेख त्याच्याविषयी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका टेकाडावरच्या टॉवरखाली मी एका टेक्निशियनबरोबर उभा होतो. पत्र्याचं कुंपण, डिझेल जनरेटर, बाजूला फ्रीजपेक्षा थोडी मोठी दोन कपाटं. एकात रेडिओची उपकरणं, दुसऱ्यात ४८ व्होल्टची बॅटरी बँक आणि रेक्टिफायर. त्याने बॅटरीच्या कपाटाचं दार उघडलं आणि बोट वर करून मला थांबा म्हणाला. मिनिटभरात फोन वाजला.

“दादा, डोअर ओपन आलंय. तुम्हीच आहात ना साइटवर?”

“हो मॅडम, मीच. पीएमला आलोय.”

पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, ठरलेली देखभाल. नवी मुंबईतल्या बाईंनी तो अलार्म ‘अ‍ॅक’ केला, म्हणजे मी पाहिला असं नोंदवलं, आणि फोन ठेवला.

दारापासून नवी मुंबईपर्यंतचा हा प्रवास पाहण्यासारखा आहे. दाराच्या चौकटीत बोटभर लांबीचा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या दोन तारा आतल्या एका छोट्या पेटीत जातात. या पेटीला ही मंडळी आरटीयू म्हणतात. एमएसईबीची लाइट गेली, डिझेल खाली आलं, धूर झाला, बॅटरी उतरली, तापमान चढलं, अशा प्रत्येक गोष्टीसाठी पेटीवर तारांची एकेक जोडी असते. जनरेटरचा कंट्रोलर आणि वीजमीटर मॉडबस नावाची भाषा बोलतात. ती १९७९ सालची, कारखान्यांतल्या यंत्रांसाठी जन्मलेली. तिच्यात विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. पेटी विचारते, मीटर उत्तर देतो. हे सगळं गोळा करून पेटी त्याचं एक छोटं पॅकेट बनवते आणि नेटवर्कवरून पाठवून देते.

दाराच्या स्विचकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिलो, कारण साऱ्या विषयाची गोम तिथेच आहे. तो दोन तऱ्हांनी जोडता येतो. एका तऱ्हेत दार उघडलं की सर्किट जुळतं आणि अलार्म येतो. दुसऱ्या तऱ्हेत दार बंद असताना सर्किट जुळलेलं असतं आणि दार उघडलं की तुटतं. वरवर पाहता दोन्ही सारखंच. पण उंदराने तार कुरतडली तर? पहिल्या जोडणीत ती साइट कायमची गप्प होते, दार उघडं टाकून कुणी बॅटऱ्या उचलून नेल्या तरी गप्पच. दुसऱ्या जोडणीत तार तुटताक्षणी अलार्म येतो. खोटा असेल, पण येतो. म्हणून जाणकार नेहमी दुसरी तऱ्हा धरतात.

“आणि हे पण बघा,” म्हणून टेक्निशियनने पेटीच्या टर्मिनल पट्टीवर बोट ठेवलं. रेडिओच्या कपाटाच्या दारासाठीच्या दोन स्क्रूंच्या मधे तारेचा एक इंचभर तुकडा पक्का आवळलेला होता. पावसात स्विच गंजला की दार न उघडताच रात्रीबेरात्री अलार्म येतो, नॉकमधून फोन येतो, झोपमोड होते. मग कुणीतरी तारेचा तुकडा लावून सर्किट कायमचं जुळवून टाकतं. केंद्राच्या हिशेबी ते दार पुन्हा कधीच उघडत नाही. “माझ्याआधीच्याने लावलेला,” तो घाईने म्हणाला. मला त्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं.

पेटीतून निघणाऱ्या पॅकेटची भाषा म्हणजे एसएनएमपी. नावात ‘सिंपल’ आहे, आणि ज्यांनी ती कधी शिकून पाहिली त्यांना त्या शब्दाचं हसू येतं. जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी नोव्हेंबर १९८७मध्ये तिची पहिली ओबडधोबड आवृत्ती एसजीएमपी या नावाने मांडली आणि ऑगस्ट १९८८मध्ये एसएनएमपी. चौघेही अमेरिकेत नव्याने वाढणाऱ्या नेटवर्कांवर काम करणारे होते. नेटवर्क रोज फुगत होतं आणि कुठे काय बंद पडलंय हे कळायला सर्वांना चालेल असा मार्ग नव्हता. त्यांना तो हवा होता, म्हणून त्यांनी तो केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिंट सर्फ यांनी एका टिपणात इंटरनेटच्या कारभाऱ्यांचा निर्णय कळवला होता: तूर्तास एसएनएमपी वापरा, पुढेमागे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची भारदस्त सीएमआयपी आणू. ती भारदस्त यंत्रणा इंटरनेटवर काही रुजली नाही. तूर्तास आलेली सोय मात्र कायमची झाली. अशा गोष्टी फक्त आपल्याच सरकारी कचेऱ्यांत होतात असं नाही.

एसएनएमपीत यंत्राने आपणहून पाठवलेल्या निरोपाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो यूडीपी या साध्या वाहतूक-प्रोटोकॉलच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. उघडून पाहिलं तर आत सुरुवातीलाच सही-शिक्का असतो, ज्याला कम्युनिटी स्ट्रिंग म्हणतात. खरं तर तो उघड्यावर लिहिलेला पासवर्डच. कारखान्यातून निघतानाच तो ‘पब्लिक’ असा असायचा आणि कित्येकांनी तो कधी बदललाच नाही. २००२ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या चाचण्यांत अनेक कंपन्यांच्या उपकरणांतला एसएनएमपीचा भाग वेड्यावाकड्या पॅकेटांनी कोलमडतो हे उघड झालं. त्याच वर्षाच्या शेवटी कुलूपबंद अशी तिसरी आवृत्ती मानक म्हणून पक्की झाली. डोंगरावरच्या जुन्या पेट्यांना तिचा पत्ता अजून लागायचा आहे.

शिक्क्यानंतर येते वेळ. पण घड्याळातली नव्हे, तर पेटी सुरू होऊन किती काळ झाला ती, सेकंदाच्या शंभराव्या भागांत. हा आकडा ३२ बिटांचा, म्हणून ४९७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सोळा महिने न अडखळता चाललेली पेटी त्या दिवशी केंद्राला ‘नुकतीच रीबूट झालेली’ दिसते. एखादा नवशिका तिच्या नावाने तक्रारीचं टिकीटही फाडतो.

मग येतो निरोपाचा नंबर. बिंदूंनी जोडलेली आकड्यांची लांब माळ. कंपन्यांच्या खास निरोपांची सुरुवात १.३.६.१.४.१ने होते आणि पुढे त्या त्या कंपनीचा क्रमांक: सिस्कोचा ९, एरिक्सनचा १९३, हुआवेचा २०११. या माळेतला ६ हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. इंटरनेट त्यांच्या पैशांवर वाढलं, त्याची ही खूण. संगमेश्वरकडच्या टेकाडावर डिझेल संपलं तरी तो निरोप पेंटागॉनच्या खात्याचा आकडा कपाळी लावूनच नवी मुंबईला येतो.

आता खरी गोष्ट. यूडीपीवर टाकलेल्या ट्रॅपची पोच येत नाही. पेटीने पॅकेट सोडलं की तिचं काम संपलं. वाटेत ते हरवलं, केंद्राचा सर्व्हर त्या क्षणी गुंतलेला होता, मधला रेडिओ दुवा पावसाने लुळा पडला, यातलं काहीही पेटीला कळत नाही. पुढच्या आवृत्तीत ‘इन्फॉर्म’ नावाचा पोच मागणारा निरोप आला, पण मुळातली अडचण त्यानेही सुटत नाही. पेटीच मेली तर इन्फॉर्म पाठवणार कोण? समोरचा पडदा हिरवा असणं याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा सांगणारा उरलेला नाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

कॉलनीतला रात्रीचा गुरखा आठवा. ‘चोर आला की ओरडीन’ म्हणून खुर्चीत बसणारा एक, आणि दर तासाला काठी आपटत, शिट्टी मारत फिरणारा दुसरा. दुसऱ्याचा आवाज झोपेत त्रासदायक वाटतो, पण तीनचा ठोका ऐकू आला नाही तर तुम्हाला काहीतरी कळतं. पहिल्याच्या शांततेतून काहीच कळत नाही. नेटवर्कमध्ये या दुसऱ्या गुरख्याचं काम म्हणजे पोलिंग: केंद्राने दर काही मिनिटांनी प्रत्येक पेटीला ‘आहेस का, कशी आहेस’ विचारणं. एसएनएमपीच्या जन्मदात्यांनी हे ओळखलं होतं. १९९०च्या मे महिन्यातल्या त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय की ट्रॅप थोडके असावेत आणि कधी, कुठे विचारपूस करायची याचा इशारा देण्यापुरते असावेत. म्हणजे ट्रॅप ही चाहूल, खातरजमा मात्र विचारूनच. पुढे ज्यांनी केंद्रं उभारली त्यांनी हे वाक्य बहुधा वाचलं नाही. हजारो साइटना दर पाच मिनिटांनी विचारायचं म्हणजे सर्व्हर मोठा हवा, दुवे रुंद हवेत, खर्च आला. ट्रॅपला काही खर्च नाही. येतील तेव्हा येतील.

मरणाऱ्यानेच मरताना सांगून जावं, अशीही युक्ती निघाली आहे आणि ती कदाचित तुमच्या दिवाणखान्यात आहे. फायबरचं इंटरनेट घेतलेल्यांकडे भिंतीवर जो छोटा डबा असतो, त्याची वीज गेली की आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिलिसेकंद पुरेल एवढा जीव उरतो. तेवढ्यात तो टेलिफोन केंद्राला एक शेवटचा निरोप पाठवतो. तांत्रिक दस्तऐवजांत त्याचं नाव ‘डाइंग गॅस्प’, शेवटची घरघर. त्यामुळे केंद्राला फरक कळतो: घरघर ऐकू येऊन डबा गेला असेल तर तुमच्या घरची लाइट गेली आहे, माणूस पाठवायची गरज नाही. घरघर न येता गेला असेल तर कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलं आहे. एमक्यूटीटी या १९९९ सालच्या प्रोटोकॉलमध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने केली आहे. तेलवाहिन्यांवरच्या दूरदूरच्या यंत्रांसाठी आर्लन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क यांनी तो बनवला. त्यात यंत्र जोडलं जातानाच मधल्या सर्व्हरकडे एक निरोप ठेवून देतं: माझा आवाज यायचा थांबला तर हे सर्वांना सांग. मला ही फार समंजस रचना वाटते. मरायच्या आधी पाठवायला वेळ मिळेल अशी आशा तिला करावी लागत नाही.

शांततेचा बंदोबस्त झाला म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. गोंगाटही तितकाच फसवतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल सेवा कोसळली, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा दिवशी नॉकच्या पडद्यावर काय होतं याचा क्रम ठरलेला असतो. आधी शेकड्याने ‘ईबी फेल’, म्हणजे लाइट गेली. मग जनरेटर सुरू झाल्याचे निरोप, जिथे सुरू झाले तिथले. काही तासांनी डिझेल कमी, मग बॅटरी लो. आणि मग ज्या टॉवरवरून मायक्रोवेव्हचा दुवा पुढे जातो असा एखादा मधला टॉवर पडतो आणि त्याच्या पलीकडचे सगळे एकदम लाल होतात. त्यातले काही खरोखर बंद असतात आणि काही व्यवस्थित चालू, फक्त त्यांचा आवाज पोचत नसतो. हाताशी टेक्निशियन मोजके, रस्ते झाडांनी अडलेले. कुठल्या टॉवरला आधी माणूस पाठवायचा हे त्या लाल ठिपक्यांतून ओळखायचं असतं. पडद्यासमोर बसलेल्याला या घडीला निरोप नको असतात, एक उत्तर हवं असतं.

कारखान्यांच्या जगाने हे फार महागात शिकून घेतलं. २४ जुलै १९९४ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. सकाळी वीज कोसळून सुरू झालेला गोंधळ तासन् तास चालला होता. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत नियंत्रणकक्षातल्या दोघा ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. कुठला अलार्म खरा महत्त्वाचा होता, हे नंतर शांतपणे बसून सांगता येतं. पुढे १९९९ साली ब्रिटनमध्ये अलार्म-व्यवस्थेवरचं जे मार्गदर्शक पुस्तक निघालं, त्यात एका ऑपरेटरला साधारण दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो असं धरलेलं आहे. हा आकडा नॉकमधल्या मुलामुलींना सांगितला तर ते आधी हसतात, मग विचारतात, कुठे नोकरी आहे ही?

पण मला या सगळ्यांत सर्वांत जास्त छळणारी हकीकत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावची आहे. १४ ऑगस्ट २००३. फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अलार्म दाखवणारं सॉफ्टवेअर गोठलं. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीवर हात घालायला गेल्या आणि एकमेकींत अडकल्या. ही चूक पुढे कित्येक आठवडे कोड चाळून सापडली. ऑपरेटरना दिसत होतं ते एवढंच, की अलार्म येत नाहीयेत. म्हणजे सगळं छान चाललंय.

२ वाजून २७ मिनिटांनी एक ३४५ किलोव्होल्टची लाइन क्षणभर तुटून जुळली. शेजारच्या कंपनीने फोन करून विचारलं. इकडून उत्तर गेलं, आमच्याकडे तर काही दिसत नाही. २.४१ला अलार्मचा मुख्य सर्व्हर कोसळला, भार राखीव सर्व्हरवर गेला. २.५४ला तोही गेला. कंपनीच्या संगणक विभागातल्या लोकांना पेजरवर आपोआप निरोप आला, त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला आणि काम झालं असं समजले. सर्व्हर उठला होता, अलार्म उठले नव्हते, आणि नियंत्रणकक्षाला कुणी काही बोललं नव्हतं. भिंतीपलीकडे दोन खोल्या, एकीला माहीत होतं आणि दुसरीला गरज होती. ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली मोठी लाइन वाढलेल्या झाडाला टेकून बंद पडली. मग दुसरी, मग तिसरी. अलार्मच मेलेत हे ऑपरेटरना पक्कं उमगलं तेव्हा पावणेचार होत आले होते. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांत अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ अंधारात गेला. पाच कोटी लोक.

शेजारच्या कंपनीचा तो फोन मी पुन्हापुन्हा आठवतो. सगळ्या प्रोटोकॉलांपेक्षा जास्त खरं बोलणारी गोष्ट त्या दुपारी तो फोन होता. पण पडदा आणि माणूस यांत विरोध आला तेव्हा ऑपरेटरने पडद्यावर विश्वास ठेवला. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. रोज शेकडो अलार्म दाखवणारा पडदा आज का दाखवत नाही, असा प्रश्न थकलेल्या माणसाला सुचत नाही. सुटका झाली असं वाटतं.

नवी मुंबईतल्या त्या नॉकमध्ये, जिथून डोअर ओपनचा फोन आला होता, मी नंतर जाऊन आलो. भिंतभर पडदे, कोपऱ्यात चहाचं मशीन, एसी इतका की सगळ्यांच्या अंगावर स्वेटर. शिफ्टच्या प्रमुख बाई मूळच्या चिपळूणच्या. टॉवर कंपनीचे पैसे ‘अपटाइम’वर ठरतात, म्हणजे साइट किती वेळ चालू होती यावर. आणि साइट बंद होती हे सांगणार ते हेच अलार्म. ज्याच्या हातात तारा, त्याच्याच खिशातून दंड. त्यामुळे तारेच्या तुकड्याचं बाईंना नवल नव्हतं. त्यांनी त्यावर आपला एक उपाय बसवला होता, कुठल्याही मानकात नसलेला. पावसाळ्यात दर महिन्याच्या शेवटी त्या एक यादी काढतात: ज्या साइटवरून महिनाभरात लाइट गेल्याचा एकही अलार्म आला नाही अशा साइट.

“कोकणात जुलैत महिनाभर लाइट गेली नाही असं गाव मला दाखवा,” त्या म्हणाल्या, “मी तिथे फ्लॅट घेते.”

यादीतल्या साइटना त्या आधी पोल करून बघतात, मग टेक्निशियनला फोन करून मेन स्विच पाडायला लावतात, लाइनवरच थांबतात. कुठे तारेचा तुकडा निघतो, कुठे जळालेला रिले. पण सगळ्यात जास्त वेळा निघतं ते भलतंच. पेटीतलं कार्ड कधीतरी बदललेलं असतं, साइट ठणठणीत असते, ट्रॅपही वेळच्या वेळी सुटत असतात, फक्त ते दोन वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर जात असतात. तो पत्ता बदलायला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चहा गार व्हायच्या आत होतं.